देवाने मला निवडलं म्हणून आभार मानायचे, पण मग घरच्यांचं काय?

पहाटतारा

सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम. बरेच दिवस इथलं नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या बायबल स्टडी ग्रुपमध्ये सध्या इफिसकरांस पत्र चालू आहे. पहिल्याच अध्यायात येतं ना, की जगाच्या स्थापनेच्या आधीच देवाने आपल्याला ख्रिस्तामध्ये निवडून घेतलं आणि दत्तक घ्यायचं ठरवलं. ते वाचून झाल्यावर ग्रुप घेणारे दादा म्हणाले की आता प्रत्येकाने एकेका वाक्यात या निवडीबद्दल देवाचे आभार माना. सगळे भरभरून बोलले, एकीला तर रडूच आलं. माझी पाळी आली आणि तोंडातून शब्दच फुटेना. शेवटी "प्रभू तू चांगला आहेस" एवढंच म्हटलं आणि गप्प बसले.

कारण सांगते. माझे पप्पा विश्वासात नाहीत. विरोध अजिबात नाही, उलट दर रविवारी दोन फेऱ्या मारून मला आणि मम्मीला गाडीवरून चर्चला सोडतात आणि उपासना संपेपर्यंत गेटबाहेर गाडीवरच पेपर वाचत बसतात. कितीदा म्हटलं आत येऊन बसा, तर म्हणतात तुमचं चालू द्या, मी आहे इथे. आत गाणी चालू असतात आणि मी बसते तिथल्या खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत असते. आता मी "देवा तू मला निवडलंस" म्हटलं की त्याचाच दुसरा अर्थ "पप्पांना नाही निवडलंस" असा होतो का? आणि तसं असेल तर त्याबद्दल मी आभार कुठल्या तोंडाने मानू?

दुसरं म्हणजे मला सारखा लूक 18 मधला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा यहूदी, आठवतो. मंदिरात उभा राहून म्हणतो की देवा, मी बाकीच्या माणसांसारखा नाही म्हणून तुझे आभार. म्हणजे त्याची प्रार्थना आभाराचीच होती की हो! आणि येशू म्हणाला की नीतिमान ठरून घरी गेला तो छाती बडवणारा जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजायचे तो कर वसूल करणारा, हा नाही. मग आपण ग्रुपमध्ये बसून जे म्हणतो आणि तो जे म्हणाला, यात नक्की फरक काय?

कृपया "जास्त विचार करू नकोस" असं सांगू नका, ते ऐकून झालंय. कोणी नीट वचनातून समजावलं तर खूप बरं वाटेल.

ऑलिव्ह_फांदी

ताई, उत्तर देण्याइतका माझा अभ्यास नाही पण पप्पांसाठी आजपासून प्रार्थना करतेय. गेटबाहेर बसणारी माणसं देवाला दिसत नाहीत असं समजू नका.

द्राक्षमळा

ताई, तुम्ही परूशाचं जे काढलंत ते मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण आभार मानूनसुद्धा माणूस देवापासून लांब जाऊ शकतो हे येशूनेच दाखवलंय आणि आपण ते विसरतो. तर आधी तेच घेऊ.

परूशाची प्रार्थना परत वाचा. तो आभार मानतो पण देवाने त्याच्यासाठी काय केलं हे एकदाही सांगत नाही. मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मी सगळ्या उत्पन्नाचा दशांश देतो, मी लुबाडणारा नाही, व्यभिचारी नाही, या जकातदारासारखा नाही. देवाचं नाव फक्त सुरुवातीला येतं, पुढे सगळं मी मी मी. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्याचे आभार उभे राहायला शेजारी एक खालचा माणूस लागतो. जकातदार तिथून उठून गेला तर त्याची प्रार्थनाच कोसळेल.

आता प्रेषित पौल आपल्या पत्रांत निवडीबद्दल आभार कसे मानतो ते बघा. मी एकदा मुद्दाम त्याची पत्रं याच डोळ्याने वाचली आणि मला जे दिसलं त्याने माझी प्रार्थना बदलली. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र उघडा, ते साधारण इ. स. 50-51 च्या सुमाराचं, म्हणजे पौलाच्या अगदी सुरुवातीच्या पत्रांपैकी. तिथे तो म्हणतो आम्ही तुम्हा सर्वांबद्दल नेहमी देवाचे आभार मानतो, कारण तुमची निवड झाली आहे हे आम्हाला माहीत आहे. दुसऱ्या पत्रात 2:13 ला परत तेच, की बंधूंनो तुमच्याविषयी आम्ही सतत आभार मानले पाहिजेत कारण देवाने तुम्हाला तारणासाठी निवडलं. लक्षात येतंय का? तो *दुसऱ्यांच्या* निवडीबद्दल आभार मानतोय. इफिसमध्येसुद्धा "मला" नाही, "आपल्याला" आहे. "मी निवडलेला आहे, थँक यू लॉर्ड" असं एकट्यापुरतं तो मला तरी कुठे म्हणताना सापडला नाही. स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की तो म्हणतो पापी लोकांत मी पहिला, आणि मला दया मिळाली.

आणि हे थेस्सलनीकाचे लोक कोण होते? मूर्तींकडून वळलेली, काल परवापर्यंत "बाहेरची" असलेली माणसं. पौल तिथे जेमतेम काही आठवडे राहिला असेल, कृत्ये 17 मध्ये तीन शब्बाथ सभास्थानात वाद घातल्याचं आहे, मग दंगल झाली, त्याला ठेवून घेणाऱ्या यासोनाच्या घरावर जमाव आला आणि रातोरात त्याला गाव सोडावं लागलं. मागे राहिलेल्यांचं काय होईल ही काळजी त्याला खात होती. मग त्याचा सोबती तीमथ्य बातमी घेऊन येतो की ते टिकून आहेत, आणि पौलाच्या तोंडून निघतं की देवानेच यांना निवडलंय! म्हणजे निवडीचं आभारप्रदर्शन हे आत बसलेल्यांनी आपापसात करायचं काम नाहीये, दुसरा कोणीतरी आत आला, टिकला, हे बघून सुटलेला तो निःश्वास आहे.

आता पप्पांचं. रोमकरांस 9 हा निवडीवरचा सगळ्यात कठीण अध्याय मानतात, याकोब आणि एसाव या भावांतल्या एकालाच देवाने निवडलं वगैरे सगळं त्यातच आहे. पण तो सुरू कसा होतो ते लोक वाचतच नाहीत. पौल म्हणतो मला फार दुःख आहे, माझ्या अंतःकरणात अखंड वेदना आहेत, माझ्या नातेवाइकांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तुटायलाही तयार झालो असतो. आणि दहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात म्हणतो की त्यांचं तारण व्हावं हीच माझी देवाजवळ विनंती आहे. ज्या माणसाने निवडीबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं तोच माणूस आपल्या लोकांसाठी रडतोय आणि प्रार्थना करतोय. त्याने असं नाही म्हटलं की नसतील निवडलेले, जाऊ दे. त्यामुळे ग्रुपमध्ये तुमचा घसा दाटून आला ते काही तुमच्या विश्वासात खोट आहे म्हणून नाही, तुम्ही रोमकरांस 9:2 वर उभ्या आहात आणि पौल तुमच्या शेजारी उभा आहे.

जुनी_वही

वरच्या भाऊंचं सगळं पटलं. माझ्याकडून फक्त दोन वचनं. जुन्या करारातलं अनुवाद हे पुस्तक, 7:7-8, मोशे इस्राएलाला सांगतो की तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून परमेश्वराने तुम्हाला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यात थोडे होता, त्याचं तुमच्यावर प्रेम होतं आणि पूर्वजांना दिलेली शपथ त्याला पाळायची होती म्हणून. का प्रेम होतं? तर प्रेम होतं म्हणून. त्या प्रेमाचं पुढे कारणच नाही दिलेलं. नवव्या अध्यायात तर आणखी स्पष्ट, तुमच्या नीतिमत्त्वामुळे हा देश मिळत नाहीये, तुम्ही ताठ मानेचे लोक आहात.

आणि 1 करिंथ 4:7. तुझ्याजवळ असं काय आहे जे तुला दिलेलं नाही? आणि दिलेलं आहे तर मग फुशारकी कशाला? सुरुवातीच्या चर्चमधला मोठा धर्मशिक्षक ऑगस्टिन, त्याला हे वचन फार जवळचं होतं, कृपेबद्दल लिहिताना तो पुन्हा पुन्हा इथेच येतो. विश्वाससुद्धा माझी कमाई नाही हे एकदा आत उतरलं ना, की माणूस दुसऱ्याकडे वरून बघूच शकत नाही. मी सकाळी उठल्यावर हे एकच वचन म्हणतो आणि मग कामाला लागतो.

मोकळं_दार

ताई, थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. तुमच्या मनात जो गुंता झालाय त्याचं मूळ म्हणजे निवड ही एखादी बंद यादी आहे, त्यात तुमचं नाव आहे आणि पप्पांचं नाही, असं आपण धरून चालतो. पण इफिस 1 मध्ये प्रत्येक वाक्यात काय येतं? ख्रिस्तामध्ये, त्याच्यामध्ये, त्या प्रियकरामध्ये. आधी निवडलेला ख्रिस्त आहे. आपण त्याच्यात आहोत म्हणून निवडलेले. आणि त्याच्यात यायचं दार कुणाला बंद आहे? 1 तीमथ्य 2:4 म्हणतं सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. 2 पेत्र 3:9, कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही. यहेज्केल 33:11 मध्ये तर देव शपथ घालून सांगतो की दुष्टाच्या मरणात मला संतोष नाही. हे सगळं तितकंच वचन आहे जितकं रोमकरांस 9 आहे.

म्हणून मी आभार मानतो ते असे, की प्रभू, तू ख्रिस्तामध्ये एक लोक निवडलास, सगळ्यांसाठी दार उघडलंस, आणि मला त्यातून यायला तुझ्या कृपेने हात दिलास. यात पप्पांना वगळलेलं कुठेच येत नाही.

काही लोकांना वाटतं की असं मानणारे देवाची कृपा कमी करतात. तसं नाहीये. असंच मानणारा डच धर्मशिक्षक आर्मिनियस (1560 ते 1609) स्वतः मानत होता की कृपा आधी आल्याशिवाय कोणीही विश्वास ठेवूच शकत नाही. त्याच्या अनुयायांनी 1610 मध्ये पाच कलमं मांडली त्यातही हे आहे. म्हणजे आभार कोणाचे, हा वाद कधी नव्हताच, आभार देवाचेच.

द्राक्षमळा

@मोकळं_दार भाऊ, ख्रिस्तामध्ये हा शब्द तुम्ही पुढे आणलात ते बरं झालं, माझ्या उत्तरात तो राहिला होता. पण एक गोष्ट सोडवत नाही. मी विश्वास ठेवला आणि माझ्याच घरात वाढलेल्या, तीच सुवार्ता ऐकलेल्या भावाने नाही ठेवला, यात फरक कशाने पडला? शेवटचा फरक माझ्यामुळे पडला असं म्हटलं तर आभारातला एक लहानसा तुकडा मी स्वतःकडे ठेवला असं होतं, आणि तो तुकडा मला ठेववत नाही. कृत्ये 16:14 मध्ये लुदिया नावाच्या बाईचं अंतःकरण प्रभूने उघडलं असं लिहिलंय. मला माझ्याबद्दलही तसंच म्हणावंसं वाटतं.

मोकळं_दार

तुमच्या भावना कळतात, पण दिलेली भेट हातात घेणं म्हणजे भेटीचं श्रेय घेणं नव्हे एवढंच म्हणतो. 1618-19 मध्ये याच वादावर नेदरलँड्समध्ये डॉर्टच्या सिनडमध्ये, म्हणजे चर्चच्या सभेत, एवढे विद्वान महिनोनमहिने बसले तरी चर्चमधला हा प्रश्न मिटला नाही, आपण दोघं इथे काय मिटवणार. वेस्ली आणि व्हाईटफील्ड या दोघा इंग्रज प्रचारकांचं याच मुद्द्यावर 1739 नंतर जाहीरपणे फाटलं होतं, पत्रं छापली गेली एकमेकांविरुद्ध. पण 1770 ला व्हाईटफील्ड वारला तेव्हा त्याच्यासाठी लंडनमध्ये स्मरणाचं प्रवचन वेस्लीने दिलं. तुम्ही आणि मी तेवढ्यावर येऊन थांबू, एकाच प्रभूचे आभार मानू.

द्राक्षमळा

आमेन भाऊ. मनापासून.

पहाटतारा

तुम्ही सगळ्यांनी इतकं वेळ काढून लिहिलंत, मी कालपासून परत परत वाचतेय. दुसऱ्यांच्या निवडीबद्दल आभार हे मी कधीच बघितलं नव्हतं, इतक्या वेळा ते पत्र वाचून. मम्मीबद्दल तर मी आत्ता लगेच मानू शकते, तिच्यामुळेच मी आत आले. आणि रोमकरांस 9 ची सुरुवात मी मम्मीलाही वाचून दाखवली, ती काही बोलली नाही पण वचन वहीत लिहून घेतलं.

पण आता एक आतला प्रश्न विचारते जो मी पहिल्या पोस्टमध्ये टाळला होता. आभार मानायला आधी खात्री पाहिजे ना की मी निवडलेली आहे? मत्तय 22:14, बोलावलेले पुष्कळ पण निवडलेले थोडे. ते वाचलं की पोटात गोळा येतो. ग्रुपमध्ये बाकीच्यांना ते सहज वाटतं, मला कधी कधी आठवडाभर प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, नुसती कोरडी. मग मी कशाच्या जोरावर म्हणू?

चेपलेला_बोरू

ताई, या प्रश्नावर मला बोललंच पाहिजे कारण मी यातून गेलोय, आणि खूप खोल गेलोय. रात्री झोपायच्या आधी मी स्वतःची तपासणी करत बसायचो, आज विश्वास खरा होता का, पश्चात्ताप पुरेसा होता का, निवडलेल्या माणसाला असा विचार आला असता का. जितकं आत बघायचो तितका अंधार. आभार तर लांबच, प्रार्थनेला बसायची भीती वाटायची.

मला बाहेर काढलं ते एका म्हाताऱ्या पाळकांनी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले तू देवाच्या खोलीत शिरून रजिस्टर बघायचा प्रयत्न करतोयस, ते कोणालाच दाखवलेलं नाही. तुला दाखवलाय तो ख्रिस्त. त्याच्याकडे बघ. नंतर मला कळलं की सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन, त्यानेसुद्धा अगदी हेच लिहून ठेवलंय, की आपली निवड आपल्यात शोधायची नाही, ख्रिस्त हा आरसा आहे, त्यात ती बघायची. ज्या माणसाचं नाव ऐकून लोक निवडीच्या बाबतीत घाबरतात त्याचाच हा सल्ला आहे!

मग मी योहान 6:37 ला चिकटलो. जो माझ्याकडे येतो त्याला मी कधीच घालवून देणार नाही. या वचनात येणाऱ्याने किती जाणीव घेऊन यायचं, किती विश्वास घेऊन यायचं याचं काही माप दिलेलं नाही. आला की झालं. त्याच वचनाच्या पहिल्या अर्ध्या भागात आहे की पिता जे मला देतो ते सगळे माझ्याकडे येतील. म्हणजे मी येतोय हीच खूण आहे की पित्याने मला दिलंय. मी त्याच्याकडे जातो, कोरडा असलो तरी जातो, तेवढं मला पुरतं.

आणि वर कोणीतरी डॉर्टचं नाव घेतलं म्हणून सांगतो. लोकांना ते दस्तऐवज कठोर वाटतात पण निवडीच्या पहिल्याच भागात, सोळाव्या कलमात, खास तुमच्या माझ्यासारख्यांसाठी लिहिलंय. की ज्यांना अजून खात्री जाणवत नाही, पण जे वचन ऐकतात, प्रार्थना करतात, देवाकडे वळायची ज्यांना मनापासून इच्छा आहे, त्यांनी निवडीचं नाव ऐकून घाबरू नये आणि स्वतःला टाकलेल्यांत मोजू नये, तर त्याच वाटेने चालत राहावं आणि कृपा भरभरून मिळण्याची नम्रपणे वाट बघावी. आणि कारण काय दिलंय, तर दयाळू देवाने वचन दिलंय की तो मिणमिणती वात विझवणार नाही आणि चेपलेला बोरू मोडणार नाही. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

मत्तय 22:14 बद्दल एवढंच, की तो दाखला परत पूर्ण वाचा. शेवटी बाहेर कोण काढला जातो? लग्नाचा पोशाख न घालता आलेला. आणि त्याआधी ज्यांना आमंत्रण होतं त्यांनीच यायला नकार दिला होता, कोणी शेताला गेला कोणी धंद्याला. राजाने तर नोकरांना चौकाचौकात पाठवून चांगले वाईट सगळे गोळा करून आणले. घाबरून, रडून, मला आत घ्या म्हणणाऱ्याला हाकलल्याचं त्या दाखल्यात कुठेही नाही.

तर खात्री आधी आणि आभार नंतर असं धरून बसू नका. मी आभार आधी मानायला लागलो, ख्रिस्ताबद्दल. तो आला, तो वधस्तंभावर गेला, तो पापी लोकांना जवळ करतो. याला माझ्या मनाची अवस्था बघावी लागत नाही. खात्री हळूहळू त्याच्या मागून आली, आणि अजूनही काही दिवस जाते, तेव्हा मी परत तिथूनच सुरू करतो.

शिंपला

मी कॅथलिक आहे, तुमच्यात बोलले तर चालेल ना. आमच्याकडे ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये सांगितलंय की देवाने खास प्रकट केल्याशिवाय मी नक्की निवडलेल्यांत आहेच असं कोणी छातीठोक म्हणू नये, त्यामुळे हा विषय आम्ही थोडा जपून बोलतो. पण आभार मात्र रोज मानतो, प्रत्येक मिस्सामध्ये धर्मगुरू म्हणतात की सदैव आणि सर्वत्र तुझे आभार मानणं योग्य आहे.

एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटली. प्रौढ माणसं बाप्तिस्म्याची तयारी करत असतात ना, त्यांच्यासाठी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, पहिल्या रविवारी एक विधी होतो, सहसा बिशपांसमोर. धर्ममातापिता उभे राहून साक्ष देतात की या व्यक्तीने वचन ऐकलंय, त्याप्रमाणे चालायला सुरुवात केलीय. मग ते लोक आपली नावं देतात, ती एका पुस्तकात लिहिली जातात, आणि त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत त्यांना "निवडलेले" म्हणतात. मी एकदा एका मैत्रिणीची धर्ममाता म्हणून उभी होते. तिचा हात इतका थरथरत होता की सही दोन ओळींत गेली. ती रडत नव्हती, हसत होती. आणि अख्खी सभा तिच्याकडे बघत होती, तिच्यासाठी आनंद करत होती, त्यात माझ्या स्वतःच्या निवडीचा विचार माझ्या डोक्यातही आला नाही. वर भाऊंनी पौलाबद्दल जे लिहिलंय ते वाचून मला तो दिवस आठवला. निवड ही एकट्याने कोपऱ्यात बसून तपासायची गोष्ट नाही, माझ्यासाठी कोणीतरी उभं राहतं आणि मी कोणासाठी तरी उभी राहते.

मोकळं_दार

फार सुंदर लिहिलंत. कॅथलिक म्हणून परवानगी कशाला मागायची, लिहीत जा.

पहाटतारा

@चेपलेला_बोरू दादा, त्या कलमाबद्दल मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. खरंच धन्यवाद. @शिंपला ताई, सहीचं वाचून मीही हसले.

आता शेवटचं आणि प्रॅक्टिकल. मला माझी स्वतःची आभाराची प्रार्थना नीट करायची आहे. ठरावीक शब्द नकोत, पण काय काय असावं त्यात? म्हणजे परूशासारखी होणार नाही आणि पप्पांना सोडून जाणार नाही अशी.

शब्बाथ_वाचक

जुना करार माझा आवडता म्हणून तिथलंच सांगतो. देवाने आपल्या निवडलेल्या लोकांना आभार कसे मानायचे हे स्वतः शिकवलंय, अगदी शब्दांसकट. अनुवाद 26, 1 ते 11. बाकीच्या चर्चेत ते कोणी काढलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देशात जाऊन राहिलास, पहिलं पीक हातात आलं, की काय करायचं? पहिल्या उपजातलं थोडं टोपलीत घालायचं, परमेश्वर निवडेल त्या जागी जायचं, याजकाच्या हातात ती टोपली द्यायची आणि मग बोलायचं. आणि पहिलं वाक्य काय, तर माझा पूर्वज भटका अरामी होता. मी निवडलेला, मी खास, असं नाही. घर नाही दार नाही अशा भटक्यापासून सुरुवात. मग थोडक्या लोकांनिशी मिसरात गेला, तिथे आम्हाला छळलं, आम्ही ओरडलो, परमेश्वराने ऐकलं, आमचं दुःख बघितलं, आम्हाला बाहेर काढलं, इथे आणलं, हा देश दिला. आणि आता हे बघ, परमेश्वरा, तू मला दिलेल्या जमिनीचं पहिलं फळ मी आणलंय. बस, एवढीच प्रार्थना.

परूशाच्या शेजारी ही ठेवून बघा. परूशाच्या सगळ्या वाक्यांचा कर्ता तो स्वतः. इथे शेतकरी स्वतः करतो ते शेवटचं एकच, की आणलं. त्याआधी सगळं परमेश्वराने केलं. आणि तुलनेला कोणी शेजारी उभा करावा लागत नाही, कारण सगळ्यात खालचा माणूस आपल्याच कुळातला आहे, तो भटका अरामी.

आता तुमच्या पप्पांचा भाग. अकरावं वचन. प्रार्थना करून झाल्यावर परमेश्वराने दिलेल्या सगळ्या चांगल्या गोष्टींबद्दल आनंद कर, तू, लेवी (देवाच्या सेवेला ठेवलेल्या कुळातला), आणि *तुझ्यामध्ये राहणारा परदेशी*. म्हणजे जो या करारात जन्मलेला नाही, ज्याचे पूर्वज मिसरातून बाहेर आलेले नाहीत, त्यालाही आनंदाला बसवायचं असं देवाने आभाराच्या विधीतच लिहून ठेवलंय. त्याला बाहेर ठेवून केलेला आनंद अपुरा. आणि हे काही नंतर सुचलेलं नाही, अब्राहामाला बोलावतानाच, उत्पत्ति 12:3 मध्ये, देव म्हणतो तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. एकाला निवडलं ते बाकीच्यांना टाकण्यासाठी नाही, बाकीच्यांपर्यंत पोचण्यासाठी. पौलालाही करिंथमध्ये प्रभू रात्री दर्शनात हेच सांगतो, भिऊ नको, बोलत राहा, या शहरात माझे पुष्कळ लोक आहेत (कृत्ये 18:10). तेव्हा त्यातले बहुतेक अजून विश्वासात आलेलेही नव्हते! पौल ते ऐकून हातावर हात धरून बसला नाही, दीड वर्ष तिथे राहून शिकवत राहिला.

तर तुमच्या प्रार्थनेत मला वाटतं आधी तुमची गोष्ट येऊ द्या, तुम्ही कुठे होता आणि देवाने काय काय केलं, मम्मीचा हात त्यात कसा होता. मोठे शब्द नकोत, घडलं तेच. मग काहीतरी हातात घेऊन या, म्हणजे वेळ, पैसा, कोणाची तरी मदत, आभार नुसते तोंडी राहू नयेत. 1563 ची हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी, म्हणजे विश्वास शिकवायची प्रोटेस्टंट पुस्तिका, तीन भागांत आहे, माणसाची दुर्दशा, त्याची सुटका आणि कृतज्ञता, आणि दहा आज्ञा व प्रभूची प्रार्थना हे दोन्ही त्यांनी त्या कृतज्ञतेच्या भागात ठेवलंय. म्हणजे सगळं जगणंच त्यात आलं. कलस्सै 3:12 पण तेच सांगतं, निवडलेले आहात ना, मग करुणा, ममता, सौम्यता अंगावर घाला.

आणि पप्पांचं नाव प्रार्थनेत विनंतीच्या जागी तर घ्याच, पण आभाराच्या जागीही घ्या. दोन फेऱ्या मारून तुम्हाला देवाच्या घरी पोचवणारा माणूस देवानेच दिलाय तुम्हाला. ते त्यांना सांगायलाही हरकत नाही, उपासना संपली की घरी जाताना सांगा.

पहाटतारा

हे करते. अनुवाद 26 आज रात्री मम्मीबरोबर वाचणार आहे. पप्पा जेवणाच्या टेबलावरच असतात तेव्हा, त्यांनाही ऐकू येईल.

ऑलिव्ह_फांदी

ताई, कसं झालं ते नंतर नक्की लिहा. आमच्या प्रार्थनेच्या यादीत नाव लिहिलंय.